वरच्या झाडांचा रस

फ्रीझरचं झाकण उचललं आणि आंबूस वास आला, तेव्हा ओरिनला वाटलं आत काहीतरी मेलं आहे. मेपलच्या गुऱ्हाळाच्या मागच्या खोलीत उंदीर असायचेच. मग त्याने आत हात घातला. पिशव्या मऊ लागल्या. एक उचलली तर ती त्याच्या हातात लोंबकळली आणि तिच्या कोपऱ्यातून पातळ दूध मनगटावर आलं.

त्याने ते हुंगलं. मग दुसरी पिशवी काढली, मग तळातली. सगळ्या तशाच.

दूध सोलांजचं होतं. पोरगी झाल्यापासून ती रोज पंप लावून बसायची आणि एकेक पिशवी आडवी थिजवून इथे आणून रचायची. पोरगी पिऊन झोपली की हिने झोपावं, तर ही पुन्हा पंप लावायची. ओरिन म्हणायचा, "अगं पुरे, पड आता जरा." ती म्हणायची, "मार्चमध्ये मी काहिलीपाशी असणार. तेव्हा पोरीला तू पाजायचंस. मला मधे हाक मारायची नाही, सांगून ठेवते." फ्रीझरही तिनेच इथे ओढून आणला होता, कारण रसाच्या दिवसांत सगळं घर इथेच असतं.

जानेवारीत ती गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, दुपारी हेलिकॉप्टर आलं, आणि संध्याकाळी ओरिन तिचे बूट घेऊन परत आला. डॉक्टर म्हणाले, रक्ताची गाठ. दूध राहिलं.

फ्रीझरची वायर भिंतीपाशी लोंबत होती. भिंतीतल्या प्लगला दुसरीच जाड वायर लावलेली होती आणि ती दाराखालून बाहेर गेली होती. बाहेर क्लोव्हिसचा पंप घरघरत होता. क्लोव्हिस सोलांजचा थोरला भाऊ. खालच्या उतारावरच्या झाडांच्या नळ्या त्याच्या होत्या, आणि त्यांतून रस ओढायला तो पंप लावायचा.

"हा प्लग कुणी काढला?" ओरिनने बाहेर जाऊन विचारलं.

"मी. का?" क्लोव्हिस पंपावर वाकलेला होता, तसाच बोलला.

"फ्रीझरचा होता."

"इथे प्लग एकच आहे. पंपाला लागतो. बाबा होते तेव्हापासून लागतो."

"कधी काढलास?"

"रस सुरू झाला तेव्हा. लक्षात कोण ठेवतं?"

"आत दूध होतं."

"कसलं दूध?" मग त्याने ओरिनच्या हातातली पिशवी पाहिली आणि सरळ उभा राहिला. "मला वाटलं तुझं हरणाचं मांस असेल."

"मांस असतं तर काढायचा होता का?"

"मांस असतं तर भरून दिलं असतं." क्लोव्हिसने हातमोज्याने नाक पुसलं. "हे कुठून भरून देऊ? दुकानात डबे मिळतात पावडरचे. गावातली पोरं त्यावरच वाढतात. जरा विचार कर, किती दिवस पाजणार होतास मेलेल्या बाईचं दूध?"

ओरिनने पिशवी त्याच्या तोंडावर फेकायला हात मागे नेला होता. फेकली नाही, कारण मागे, आत खोक्यात निजवलेली पोरगी रडायला लागली. क्लोव्हिसने ते पाहिलं आणि हसला.

ओरिनने चाकूने एकेक पिशवी कापली आणि गुऱ्हाळामागे बर्फात ओतली. बर्फात पिवळट खड्डे पडले. क्लोव्हिसने पंप बंद केला नाही. घरी फ्रिजमध्ये आधी नेलेल्या पिशव्यांतली एक होती, तेवढीच उरली.

*

पोरगी, ओडेट, पावडरचं दूध पीत नव्हती.

ओरिनने आधी त्या शेवटच्या पिशवीत चमचाभर पावडरचं मिसळलं. तिने दोन घोट घेतले, थांबली, आणि जिभेने निपल बाहेर ढकललं. मग ओठ मिटले. गालाला निपल लावलं की मान फिरवायची. जबरदस्तीने आत घातलं की पाठीची कमान करून ओरडायची. दूध मानेच्या घडीत जायचं, तिथे आंबायचं, तिथली कातडी लाल झाली. ओरिनने चमच्याने पाजून पाहिलं. औषधाच्या पिचकारीने पाजलं. पिचकारीने जायचं, पण थेंबथेंब, आणि पाजता पाजता ती दमून झोपायची. झोप उपाशीपोटीची, म्हणून लगेच उठायची. उठली की पुन्हा तेच.

मेमेर डबा घेऊन आली. मेमेर म्हणजे सोलांजची आई. ती रस्त्यापलीकडे क्लोव्हिसच्या घरी राहायची. तिचं नाव रोझ-आल्मा, पण सगळा गाव तिला मेमेरच, म्हणजे आजीच म्हणायचा. ओरिनही.

"हे घे," तिने टेबलावर घट्ट दुधाचा डबा ठेवला. "माझी पाचही यावर वाढली. पाण्यात कालव आणि दे."

"नर्स म्हणाली, हे द्यायचं नाही."

"नर्स येते का पाजायला? दे इकडे तिला."

मेमेरने खुर्ची ओढली, पोरीला गुडघ्यावर घेतलं, बाटली लावली. ओडेटने तिच्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि मान फिरवली. मेमेरने हनुवटी धरून पुन्हा लावली. पोरगी किंचाळली. मेमेर बराच वेळ झटली. तिच्या बाहीवर दूध सांडलं. शेवटी तिने बाटली ठेवून दिली.

"तुझी सवय लागलीय हिला. बाईच्या हाताला ओळखतच नाही."

"तुम्ही पाजलंत, तरी प्याली नाही."

"तेच म्हणते मी. तूच बिघडवलंयस." तिने बाही पिळली. "डेनीझकडे दे. तिचे हात मोकळे आहेत. दिवसभर घेऊन बसेल ती."

डेनीझ क्लोव्हिसची बायको. त्यांना मूल नव्हतं.

"आणि रस संपला की?"

"नंतरचं नंतर."

"परत कधी देणार?"

मेमेरने पोरीच्या पायमोज्याचा गुंता सोडवला. "जिथे प्यायला लागेल तिथेच राहील. लहान जीव सारखा इकडून तिकडे हलवत नाहीत."

"मग नाही."

"मग आग क्लोव्हिसला दे आणि घरी बस पोरीला घेऊन. दोन्ही व्हायचं नाही तुझ्याच्याने. सोलांजच्यानेही झालं नसतं."

"तिच्याने झालं असतं."

"ती माझी मुलगी होती," मेमेर उठली. "तिच्याने काय झालं असतं ते तू मला सांगू नकोस. तू सपाटीवरून आलेला माणूस. लाकडं फोडायला आलास आणि इथेच राहिलास."

ते खरं होतं. ओरिन इंडियानातून आला होता. तिथे डोंगर नव्हता आणि मेपलचा रसही कुणी काढत नव्हतं. इथे येऊन तो सोलांजच्या बापाकडे लाकडं फोडायला लागला. बारा वर्षं झाली, तरी गावात त्याला सपाटीवालाच म्हणायचे.

*

आग म्हणजे चुलवाणाची आग; सोलांजनंतर यंदा ती ओरिनकडे होती. ती कुणाची, हे या घरात भांडणाचं मूळ होतं.

गुऱ्हाळाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर जुन्या काहिली खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. ज्याच्या हातून पुढची, पाकाची काहील करपली, त्याची काहील त्या भिंतीवर लावायची, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी. आणि त्याने पुन्हा इथे चुलवाण पेटवायचं नाही. सोलांजच्या आजोबांनी हे सुरू केलं. पहिली काहील त्यांच्या भावाची. दुसरी कुणा भाच्याची. तिसरी क्लोव्हिसची. तो तेव्हा ऐन तरणा होता. दारात मित्रांशी बोलत उभा राहिला आणि मागे पाक जळाला. बापाने स्वतः शिडी लावून काहील ठोकली आणि पळी सोलांजच्या हातात दिली. ती तेव्हा शाळेत होती. क्लोव्हिस रोज त्या भिंतीसमोरून जायचा.

दुसरा नियम असा, की ज्याची आग त्याचाच हात. दुसऱ्या कुणी रसाच्या टाकीचा कॉक सोडला, लाकूड घातलं, पळी धरली, तर आग त्याची झाली. मागून मदत मागायची सोय नाही. मदत मागितली की आग दिली, घेणाऱ्याची काहील भिंतीवर असली तरी.

आणि तिसरी गोष्ट खिडकीतली. खिडकीच्या फळीवर छोट्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या, दर वर्षाची एक. उन्हात त्या पिवळ्या दिसायच्या, कुठली फिकी, कुठली गडद. त्यात कुठलाही पाक भरत नसत. वरच्या झाडांचा पहिला रस कढवून जो पाक होईल, तोच भरायचा. वरची झाडं म्हणजे खडकाच्या वरची रांग, घराण्यातली सगळ्यात जुनी. तिथे ऊन उशिरा पोचतं. खालचा रस आठवडाभर चालून झाला की मग वरचा सुटतो. सोलांजने हाती आग घेतल्यापासून एकही जागा रिकामी ठेवली नव्हती. गेल्या वर्षी पोटात पोरगी असताना ओकत ओकत तिने बाटली भरली होती.

यंदाच्या जागी रिकामी बाटली होती. ओरिनला ती भरायची होती. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

*

गावातल्या दवाखान्यात नर्सने ओडेटला काट्यावर ठेवलं, उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"कमी झालंय," ती म्हणाली. "लंगोट किती भिजतात?"

ओरिनने सांगितलं.

"दोन दिवस बघते मी. नाही वाढलं तर हिला इथे ठेवावं लागेल. नाकातून नळी घालू. घरात बाई कोण आहे?"

"कुणी नाही."

"सासू?"

"आहे."

"मग तिची मदत का घेत नाही तुम्ही?"

येताना तो दुकानात डायपर घ्यायला थांबला. काउंटरपाशी क्लोव्हिस कॉफी पीत उभा होता, बरोबर दोघं-तिघं. काहिलीवर दोरीला बांधून खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगतात. फेस चढला की तुकड्याला लागतो आणि बसतो. ते त्या गावात सगळ्यांना ठाऊक.

क्लोव्हिस मोठ्याने म्हणाला, "आमच्या सपाटीवाल्याने यंदा चरबी काढलीय. त्या जागी पाळणा टांगणार आहे. फेस चढला की पोरगी रडेल, म्हणजे याला कळेल."

सगळे हसले. एकजण हसता हसता थांबला, कारण त्याने ओडेटचा चेहरा पाहिला. तिचे डोळे खोल गेले होते.

"पैसे नंतर दिलेत तरी चालतील," दुकानदारीण म्हणाली.

"नको," ओरिन म्हणाला आणि खिशातून नोटा काढल्या. एका हाताने काढताना त्या खाली पडल्या. कुणी उचलून दिल्या नाहीत. पोरीला छातीशी धरून तो वाकला आणि उचलल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने वरची झाडं टोचली. ओडेटला छातीवर बांधलं, वर कोट घातला, बटणं लावली. बर्फ मांडीपर्यंत होतं. गिरमिट फिरवताना कोपर तिच्या डोक्याला लागू नये म्हणून तो झाडाला तिरक्या अंगाने भिडायचा, आणि त्याचा खांदा भरून यायचा. गिरमिटाच्या पात्याबरोबर ओला पांढरा भुसा यायचा. भोकात तोटी ठोकायची, तिला बादली अडकवायची, झाकण लावायचं, पुढच्या झाडाकडे जायचं. हातोडीच्या प्रत्येक घावाला कोटाच्या आत पोरगी दचकायची. मग दचकायची थांबली आणि झोपली. तो तिच्या नाकापाशी बोट धरून पाही आणि पुढे जाई.

मधल्या एका झाडावर सोलांजने कधीतरी चाकूने उभी रेघ ओढली होती, कुठल्या अंगाला टोचायचं त्याची. झाड वाढलं तशी रेघ रुंद झाली होती. ओरिनने तिच्याच शेजारी टोचलं. रस आला नाही. अजून गारठा होता.

खाली चुलवाणापाशी आल्यावर त्याला एक गोष्ट कळली. घरात पोरगी बाटलीकडे बघतही नव्हती. इथे आग धडधडत असताना, रस खदखदत असताना, तिने निपल तोंडात धरलं आणि चोखलं. गिळलं. पुन्हा गिळलं. ओरिनच्या तोंडून "शाब्बास" निघालं, आणि तिने लगेच निपल सोडलं. नंतर कितीही केलं तरी घेतलं नाही.

पुढच्या वेळी तो बोलला नाही. तिने थोडं जास्त घेतलं. तेवढ्यात मेमेर दारात येऊन म्हणाली, "धुरात कुणी पाजतं का?" पोरीने सोडलं. कुणाचाही आवाज झाला की सोडायची. सोडलं की संपलं.

"मेमेर, बोलू नका ना."

"माझ्या नवऱ्याच्या गुऱ्हाळात मी बोलू नको?"

"ती पीत होती."

"हे पिणं?" मेमेरने बाटली उजेडात धरली. "माझ्या मांजराचं पिल्लू याहून जास्त पितं. नर्सने दिलेले दिवस उद्या संपतात. उद्या संध्याकाळी डेनीझ येईल गाडी घेऊन. कपडे भरून ठेव."

"मी हो म्हटलेलं नाही."

"नळी घातलेली बघवेल तुला? मला नाही बघवणार. एक मुलगी नळ्यांतच गेली माझी."

ओरिनने तिच्या हातातून बाटली काढून घेतली.

*

दुसऱ्या दिवशी ऊन निघालं. पहाटे सगळं गोठलं होतं, आणि दुपार व्हायच्या आत छपरावरचं बर्फ घसरून धप्पकन खाली आलं. ओरिन वर गेला तर बादल्या टपटपत होत्या. बऱ्याचशा काठापर्यंत भरल्या होत्या. त्याने पोरीला छातीवर बांधून फेऱ्या घातल्या, रस खालच्या टाकीत ओतला. पाण्यासारखा स्वच्छ रस. खालच्या झाडांचा जुना रस त्याने सकाळीच कढवून काढला होता. आता काहिलीत फक्त वरचा रस.

त्याने चुलवाणात लाकडं भरली आणि टाकीचा कॉक सोडला. मागच्या काहिलीत रस, पुढच्यात पाक. वाफ छपराच्या झरोक्यातून जाईना, सगळ्या गुऱ्हाळात भरली. त्याने खिडकीतल्या फळीवरून रिकामी बाटली उचलली, गरम पाण्याने धुतली आणि काहिलीपाशी उपडी ठेवली.

क्लोव्हिस आला. आत आला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"काय हवंय?"

"काही नाही. बघायला आलोय."

"जाऊन आपला पंप बघ."

"पंप चाललाय. इथे जास्त मजा आहे." त्याने काहिलीकडे मान उचलली. "रंग छान आलाय. तिच्यासारखा आलाय. किती वेळ टिकतोय बघू."

ओरिनने पळी बुडवून वर धरली. पाक अजून थेंबाथेंबाने गळत होता. कडेवरून सलग चादरीसारखा सुटला की झाला. अजून थोडा वेळ होता.

खोक्यात ओडेट उठली. आधी कण्हली, मग रडली, पण आवाज बसलेला होता. सकाळपासून पिचकारीने जे गेलं ते तिने ओकून टाकलं होतं. ओरिनने पळी ठेवली, बाटली केली, तिला घेऊन चुलवाणासमोरच्या ओंडक्यावर बसला. तिचं डोकं कोपराच्या घडीत. पाय पोटापाशी. निपल ओठांना लावलं.

तिने ओठ मिटले.

त्याने दाबलं नाही. तसंच धरून ठेवलं. आग धडधडत होती. तिने ओठ उघडले, निपल घेतलं आणि चोखायला लागली.

थोडं नाही. खरं चोखायला लागली. कानशिलं हलायला लागली. घोट ऐकू यायला लागला. बाटलीत बुडबुडे वर चढले. ओरिनने श्वास धरला.

काहिलीत आवाज बदलला. उकळण्याचा मोकळा आवाज जाऊन जड, गुबगुब आवाज आला. ओरिनने मान न वळवता डोळे वळवले. फेस वर चढत होता, चरबीच्या तुकड्याला लागला, बसला, पुन्हा चढला. पाक झाला होता. आत्ता काढायला हवा होता, नाहीतर मागचा कॉक सोडून कच्चा रस आत घ्यायला हवा होता. कॉक काहिलीच्या पलीकडे. उठायला हवं होतं.

त्याने एक पाय हलवला. ओडेटचं चोखणं थांबलं. तिचे डोळे उघडले. त्याने पाय होता तिथे ठेवला. ती पुन्हा प्यायला लागली.

क्लोव्हिस चौकट सोडून एक पाऊल आत आला. त्यालाही आवाज कळला होता.

"काढ की," तो म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

पोरगी थबकली. ओरिनने क्लोव्हिसकडे पाहिलं आणि मान हलवली, बोलू नको अशी.

क्लोव्हिस कॉकपाशी गेला. हात पुढे केला, पण लावला नाही.

"आग कुणाची?" त्याने विचारलं.

ओरिनने उत्तर दिलं नाही.

"सांग. तुझी का माझी? एक शब्द बोल, सोडतो कॉक."

बाटली अर्धी झाली होती. ओडेटची मूठ ओरिनच्या शर्टाच्या बटणावर आली आणि तिथेच धरून राहिली. फेस आता काठावर होता. फेसाचा रंग बदलायला लागला. ओरिनला ते दिसत होतं. उठून दोन पावलं टाकली असती तर काहील वाचली असती. तोंड उघडलं असतं तरी वाचली असती.

"अरे बोल ना, मूर्खा!" क्लोव्हिस ओरडला.

या वेळी पोरगी थांबली नाही. ती इतकी लागून पीत होती की तिला ऐकूच गेलं नाही. पण ओरिनला ते आधी कसं कळणार? आणि कळल्यावरही तो बोलला नाही.

आधी गोड वास आला, मग कडू. काहिलीच्या मधोमध काळा डाग उठला आणि पसरला. वाफेचा धूर झाला. फेस काठावरून चुलवाणावर पडला आणि पेटला. पत्रा कडकन वाजला.

तेव्हा क्लोव्हिसने कॉक सोडला. रस जळत्या पाकावर पडला आणि मोठा फुत्कार झाला. त्याने चुलवाणाची दारं उघडून जळती लाकडं आकड्याने बाहेर ओढली, फावड्याने बर्फ आणून आत टाकलं. खोकत खोकत तो दोन्ही दारं सताड उघडायला गेला. तोवर ओरिन पोरीला घेऊन बाहेर बर्फात जाऊन उभा होता. बाटली तिच्या तोंडात होती.

ती रिकामी झाली. तिने हवा ओढली, निपल आपणच सोडलं आणि झोपली.

*

धूर बघून मेमेर रस्ता ओलांडून आली. मागून डेनीझ, हातात पोरीला गुंडाळायची शाल. क्लोव्हिस दारात उभा होता, तोंड काळं, भुवया जळालेल्या.

"मी आधी हात लावला नाही," तो आईला म्हणाला. "करपल्यावर लावला. हा साक्षीला आहे."

मेमेर आत गेली. काहील बघून परत आली. पुढच्या काहिलीचा तळ वर उचलला गेला होता, सांधे सुटले होते, आणि कोळसा झालेला पाक कडेला चिकटून चकाकत होता.

"झोपला होतास?" तिने ओरिनला विचारलं.

"नाही."

"मग काय करत होतास?"

ओरिनने बाटली पुढे केली. मेमेरने ती घेतली, उलटी करून पाहिली. तळहातावर एक थेंब पडला. तिने ओडेटच्या तोंडाकडे पाहिलं, मग लंगोटात बोट घालून पाहिलं. तो ओला होता.

"सगळं प्याली?"

"हो."

"भूक लागली की पितात पोरं," मेमेर म्हणाली. "त्यात तू काही मोठं केलं नाहीस."

डेनीझ शाल घेऊन पुढे आली. ओरिन मागे सरला नाही, त्याने पोरीवरचा हातही काढला नाही. डेनीझने मेमेरकडे पाहिलं.

"राहू दे आज," मेमेर म्हणाली. "उठली की पुन्हा पिते का बघू. नाही प्याली तर मी स्वतः येऊन नेईन. तेव्हा दारात आडवा उभा राहू नकोस."

"पिईल."

"बघू."

क्लोव्हिस शेडमधून शिडी घेऊन आला. हातोडी त्याने खिशात खोचली होती. काहील अजून गरम होती, म्हणून त्याने ती बर्फात पालथी ओढली. ती चरचरली. मग त्याने ती आपल्या काहिलीशेजारी वर धरली.

"खालून धर," तो ओरिनला म्हणाला. "एकट्याने होत नाही. बाबांनी माझ्या वेळी मलाच धरायला लावली होती."

ओरिनने पोरीला एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने काहिलीची खालची कड धरली. वरून हातोडीचे घाव बसत होते आणि पत्र्यातून हाताला झिणझिण्या येत होत्या. रस्त्यावरून एक पिकअप गेली. हळू झाली. आतल्या माणसाने काच खाली करून पाहिलं आणि पुढे गेला.

"सोलांज असती तर असं झालं नसतं," क्लोव्हिस शिडीवरून म्हणाला.

"नसतं झालं."

"तिने पोरगी मला धरायला दिली असती. ओरडून दिली असती. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस."

"तू कॉकपाशी उभा होतास. हात लांब केला असतास तर पोचला असता."

"तू एक शब्द बोलला असतास तर पोचला असता." क्लोव्हिसने शेवटचा खिळा ठोकला, काहील हलवून पाहिली आणि खाली उतरला. "पुढच्या वर्षी आग माझी."

"तुझीही भिंतीवर आहे."

क्लोव्हिस थांबला. त्याने दोन्ही काहिलींकडे पाहिलं. मेमेर रस्त्याच्या दिशेने चालायला लागली होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

"काहील आणायची कुठून आता?" क्लोव्हिस शेवटी म्हणाला. "या दिवसांत कुणीच देणार नाही. सगळ्यांची आग चालू आहे."

त्याने शिडी खांद्यावर टाकली आणि गेला. जाताना पंप बंद केला आणि आपली वायर गुंडाळून घेतली. भिंतीतला प्लग रिकामा राहिला.

ओरिन आत गेला. जमिनीवर चिखल, राख आणि रस एक झालं होतं. काहिलीपाशी उपडी ठेवलेली छोटी बाटली धुराने काळी झाली होती, पण फुटली नव्हती. त्याने ती शर्टाने पुसली आणि खिडकीच्या फळीवर, तिच्या जागी, रिकामीच ठेवली. ओडेट हलली. ती उठेल तेव्हा दूध लागणार होतं, म्हणून तो घराकडे निघाला.

वर झाडांना तोट्या तशाच होत्या. बादल्या भरून वाहत होत्या. टाकीत वरच्या झाडांचा रस भरलेला होता, आणि तो कढवायचा राहिला होता.